दुसरा गिअर

दिवाळसणाला जावयाला अंगठी, घड्याळ, निदान सुटाचे कापड तरी मिळावे, असा आपल्याकडे संकेत आहे. माझ्या सासऱ्यांनी मला त्यांच्या जीपमधून शेतावर नेऊन आणले. परत आल्यावर माझे सांधे जागच्या जागी आहेत ना, हे मी चाचपून पाहत होतो, तेव्हा ते सासूबाईंना म्हणाले, "जावई टिकतील. थोरले निम्म्यातनं उतरून चालत आले होते." हा केवढा मोठा सन्मान होता, ते त्या घरात रुळल्यावर मला समजले. तिथे माणसाची परीक्षा पत्रिकेवरून होत नसे. जीपवरून होत असे.

सासऱ्यांना सारा गाव आप्पा म्हणतो, आणि मीही तेच म्हणतो. भोरहून वरंधा घाटाच्या दिशेने निघाले की नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठाने रस्ता हिरडस मावळात शिरतो. डांबर सोडून चार किलोमीटर वर चढले की आप्पांची वाडी येते. या चार किलोमीटरांना रस्ता म्हणणे हा बोलणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा. त्यात दोन ओढे आहेत, छातीवर येणारी एक चढण आहे आणि दर पावसाळ्यात वाहून जाणारे एक वळण आहे. पावसाच्या चार महिन्यांत खताची पोती, आजारी माणसे आणि अवघडलेल्या लेकीसुना यांची ने-आण गेली चाळीस वर्षे त्या जीपने केली आहे. वाडीतली निदान सहा मुले जीपमध्ये जन्मता जन्मता राहिली, आणि एक खरोखरच जन्मले. ते आता पुण्यात नोकरीला आहे आणि गाडी लागते म्हणून बसने प्रवास करीत नाही!

ही जीप १९६६ सालची. एका सरकारी खात्याच्या लिलावात आप्पांनी ती १९८१ साली घेतली. तिचे कूळ मात्र फार जुने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी लाखो जीपा तयार केल्या. युद्ध संपले, तेव्हा १९४५ साली विलिज कंपनीने तोच सांगाडा शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आणला आणि त्याला लढाईतल्यापेक्षा दणकट असा टी-९० नावाचा गिअरबॉक्स बसवला. आपल्याकडे महिंद्रांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे १९५३ साली उंच नाकाची सीजे-३बी निघाली. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे बनत राहिली. जुन्या मराठी चित्रपटात कलेक्टर, फौजदार किंवा खलनायक ज्यातून उतरतो, ती हीच. आप्पांच्या जीपचे इंजिन, गिअरबॉक्स आणि तिची कुरकुर, तिन्ही मूळचीच.

मी मराठीचा प्राध्यापक. पुण्यात मी जी गाडी चालवतो ती स्वयंचलित गिअरची. तिच्यात डाव्या पायाला कामच नाही. त्यामुळे गिअर म्हणजे काय, हे मी आप्पांकडूनच शिकलो. इंजिनाचा स्वभाव भरभर फिरण्याचा. सावकाश फिरायला लावले तर ते धापा टाकून बंद पडते. उलट चढावर चाकाला हवा असतो जोर, वेग नव्हे. या दोघांचे जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. टी-९० मध्ये पुढे जाण्याचे गिअर तीनच. पहिल्यात इंजिनाचे जवळजवळ तीन फेरे होतात तेव्हा पुढच्या दांड्याचा एक होतो, दुसऱ्यात साधारण दीडाला एक, आणि तिसऱ्यात दोघे बरोबरीने फिरतात. त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस म्हणून दुसरी पेटी असते. तिच्या दोन दांड्यांपैकी एकीने पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, आणि दुसरीने सगळेच आणखी अडीच पट सावकाश होते. सगळा हिशेब मांडला तर सर्वांत खालच्या चालीत इंजिनाचे सुमारे सदतीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक! माणूस शेजारून चालत पुढे निघून जाईल, पण जीप चढायची थांबणार नाही.

यातला पहिला गिअर मात्र जुन्या वळणाचा. दुसऱ्या-तिसऱ्याला पितळेच्या कड्या असतात. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत प्रथम आलेली ही युक्ती. दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असताना त्यांचे दात एकदम अडकवले तर ती खणाणतात. पितळी कडी आधी जाऊन पोलादी चाकाच्या उतरत्या खांद्याला घासते, त्याची गती दुसऱ्याच्या गतीशी जुळवून देते आणि मगच दातांत दात बसू देते. पोलाद झिजू नये म्हणून पितळ झिजते. पहिल्या गिअरला ही सोय नाही. जीप चालती असताना पहिला टाकायचा तर कडीचे काम माणसाने आपल्या पायाने करायचे. क्लच दाबून दांडी मधे आणायची, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला एक हलकी टिचकी द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडी पहिल्यात न्यायची. याला म्हणतात डबल क्लच. आप्पांचा डबल क्लच ही आमच्या घराण्याची अभिमानाची गोष्ट होती. चढणीच्या मध्यावर, वेग मरता मरता, त्यांचा डावा पाय दोनदा हलायचा आणि पहिला गिअर असा बसायचा, की मागे बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरचे दूधही हिंदकळू नये!

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता या जीपचा दुसरा गिअर उडू लागला. गिअर उडणे म्हणजे टाकलेला गिअर आपोआप सुटणे, दांडी थाडकन मधे येणे. सपाटीवर याचा उपद्रव फारसा नाही. उतारावर मात्र गोष्ट वेगळी. आप्पांच्या वाटेवर उतरताना ब्रेकचा भरवसा धरून चालत नाही. ओढ्यातून आले की चाकाचे ड्रम ओले असतात. खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच ओढीवर गाडी रोखून धरायची असते. अशा वेळी गिअर सुटला तर इंजिन मोकळे, चाके मोकळी आणि सव्वा टनाचा लोखंडी सांगाडा आपल्या मनाला येईल तसा दरीकडे निघणार. नवरात्राच्या आधी एकदा त्या वाहत्या वळणावर नेमके हेच झाले. आप्पांनी जीप बांधाला घासून थांबवली. कोणाला काही लागले नाही. सासूबाईंनी घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि पुण्याला फोन केला.

मग घरात सभा भरली. मेव्हण्यांचे मत असे, की जीप विकावी. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. हिच्या वयाला पंधराने किती वेळा भागायचे? आमच्या सौभाग्यवतींचे मत असे, की जीप गेली तर आप्पा त्या वाडीत कोंडले जातील, आणि पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर ते चार दिवससुद्धा राहणार नाहीत. दोघांचेही बरोबर होते. अशा वेळी प्राध्यापकाचे मत कोणी विचारीत नाही, हे एक सुख. शेवटी आप्पाच म्हणाले, "गिअर उडतोय, मी नाही उडालो. पेटी खोला."

पेटी खोलायची ती भोरच्या मिस्त्रींकडेच. वय आप्पांपेक्षा चार-सहा वर्षांनी कमी, म्हणजे सत्तरीचे. हाताखाली एक पोरगा होता. त्याचे सारे लक्ष मोबाईलच्या दुकानाकडे. "हे काम शिकून करू काय, सर?" तो मला म्हणाला. "जीपा संपल्या." मिस्त्रींनी हे ऐकले आणि पाना फिरवीत राहिले. दिवाळीची सुटी नुकतीच लागली होती. आप्पांनी मला फर्मावले, "जावईबापू, तुम्ही लिहिणारी माणसं. मिस्त्रींजवळ बसा आणि कुठला भाग कुठून निघाला ते टिपून ठेवा." अशा रीतीने मी चार दिवस एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खोक्यावर बसून, दोनशे पानी वहीत, माझ्या आयुष्यातला सर्वांत उपयुक्त मजकूर लिहिला.

खोलण्याच्या आधी मिस्त्रींनी जीप स्वतः चालवून पाहिली. त्यांनी पहिला टाकला, रिव्हर्स टाकला, दुसरा टाकून उतारावर सोडली. दुसरा उडाला. बाकी सगळे मुकाट बसले, एकही खणखणाट नाही. क्लचच्या पेडलला किती मोकळी चाल आहे तेही त्यांनी हाताने दाबून पाहिले आणि म्हणाले, "क्लच बरोबर आहे. लिहा." मी लिहिले. हे वाक्य पुढे कामाला येणार होते.

आधी ट्रान्सफर केसच्या मागचे झाकण निघाले. आतल्या नटाची कॉटर पिन काढली, नट सोडला, चाक पुलरने ओढले आणि मग दोन्ही पेट्या एकमेकींपासून सुट्या झाल्या. गिअरबॉक्समधले तेल परातीत काढले. मिस्त्रींनी परात उन्हात धरली. काळ्या तेलात बारीक सोनेरी कण चमकत होते. "पितळ," ते म्हणाले. "कडी गेली." मग बोटाने तळ ढवळून त्यांनी दोन-तीन पोलादी कपच्या वर काढल्या आणि कागदावर ठेवल्या. त्यांच्याकडे ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

वरचे झाकण काढताना त्यांनी त्यावर फडके टाकले. कारण दांडीच्या सळयांना जागच्या जागी रोखणारे छर्रे स्प्रिंगच्या जोरावर बसलेले असतात. सळई सरकली की ते टोळासारखे उडतात आणि मग शेडमध्ये सगळ्यांनी ओणवे व्हायचे. खालच्या दांड्यावर चार चाकांचा एकसंध जुडगा असतो. त्याचा दांडा आणि रिव्हर्सच्या चाकाचा दांडा, दोघांना मिळून एकच लोखंडी पट्टी रोखून धरते. ती काढली आणि मिस्त्रींनी दांडा मागे ठोकता ठोकता त्याच जाडीचा एक आखूड लाकडी दांडा पुढून आत सारला. आतल्या सुईसारख्या बारीक रुळांची रांग विस्कटू नये म्हणून ही काळजी. जुडगा पेटीच्या तळाशी अलगद बसला, वरचा मुख्य दांडा निघायला वाट झाली, आणि सगळी चाके घासलेटात धुऊन फळीवर ओळीने मांडली गेली.

हस्तलिखित पोथ्यांचा थोडाफार अभ्यास मी केला आहे. पोथीत कोणते पान जास्त वाचले गेले ते त्याच्या कोपऱ्यावरून कळते. नकलाकार कुठे दमला ते अक्षरावरून कळते. पण पोलादाचीही पोथी असते आणि ती वाचता येते, हे मी त्या दिवशी पाहिले.

मिस्त्रींनी पितळी कडी उचलली. तिच्या आतल्या अंगाला तेल कापण्यासाठी दोऱ्यासारखे बारीक आटे असतात. ते पुसून गुळगुळीत झाले होते. कडी चाकाच्या खांद्यावर दाबून फिरवली तर ती पकडायला हवी. ही बांगडीसारखी फिरली. मग दुसऱ्या गिअरचा काटा पाहिला. त्याचे टोक एका बाजूने झिजून पातळ झाले होते. दांड्याच्या टोकाची पितळी चकती झिजल्यामुळे चाकांना मागेपुढे सरकायला जागा झाली होती. मिस्त्रींनी फीलर गेजची पाती घालून ती फट मोजली आणि मान हलवली. काटा झिजलेला, चकती झिजलेली, छर्ऱ्याची स्प्रिंग मेलेली. दुसरा गिअर उडायचे कारण या तिघांत मिळून होते. इथवर सरळ होते.

मग त्यांनी मोठे सरकते चाक हातात घेतले. टी-९० मध्ये पहिला गिअर आणि रिव्हर्स यांना मिळून हे एकच चाक. एका बाजूला सरकले की पहिला, दुसऱ्या बाजूला सरकले की रिव्हर्स. त्याच्या दातांची दोन्ही बाजूंची टोके त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि मला जवळ बोलावले.

"सर, हे बघा. दाताचं अंग कसं आहे? आरशासारखं. चाळीस वर्षांत या माणसानं पहिला गिअर एकदाही मारून घातला नाही. आता ही टोकं बघा."

टोके कुरतडली होती. उंदराने भाकरी खावी तशी.

"जुना तुटलेला दात तेलात राहून गुळगुळीत होतो, काळा पडतो. हे पांढरं आहे, खरखरीत आहे. ही जखम दोन पावसाळ्यांपलीकडची नाही."

"मग कोणी तरी दुसऱ्याने चालवली असेल," मी म्हणालो.

"आप्पा किल्ली देतात कोणाला?" मिस्त्री म्हणाले. "आणि नुसती पहिल्याची बाजू कुरतडली असती तर मी म्हटलं असतं, म्हातारा डबल क्लच विसरला. ही रिव्हर्सचीही बाजू आहे. रिव्हर्स माणूस उभ्या गाडीत टाकतो. क्लच तळाला दाबला, तीन आकडे मोजले, की आतली चाकं थांबतात आणि गिअर लोण्यासारखा पडतो. आप्पा तीन मोजतातच, मी त्यांच्याशेजारी बसलोय. तरी तो खणाणला, म्हणजे चाक थांबलंच नव्हतं. म्हणजे क्लच तळाला गेलाच नव्हता."

"पण क्लच बरोबर आहे असे तुम्हीच लिहायला सांगितलेत."

"क्लच बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटे ठेवली.

मी वही मिटली. पितळी कडी का झिजली तेही आता कळत होते. क्लच अर्धाच सुटलेला, इंजिन अजून ओढते आहे, आणि ती बिचारी कडी दर वेळी त्या ओढीला आवर घालू पाहते आहे. दोन पावसाळे ती आप्पांच्या पायाचे काम करीत होती.

त्या रात्री मी हे पत्नीला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली, आप्पा जेवायला पाटावर बसत नाहीत. खुर्ची घेतात. विचारलं तर म्हणाले, पाट लहान झालाय." आम्ही सगळेच त्या विनोदाला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सुटे भाग आणायला पुण्यात नाना पेठेत गेलो. मोटारींच्या सुट्या भागांसाठी ही पेठ जुन्या काळापासून प्रसिद्ध. मिस्त्रींनी जुनी कडी आणि दुसऱ्या गिअरचे चाक फडक्यात बांधून बरोबर दिले होते आणि बजावले होते, "डब्यावरचं नाव वाचू नका, कडी चाकावर बसवून बघा." दुकानदाराने तीन कड्या पुढे टाकल्या. दोन नुसत्या फिरल्या. तिसरीने चाक असे धरले की सोडवायला पिळावी लागली. शिवाय कडीचे दात आणि चाकाचे दात यांत सगळीकडे सारखी फट राहिली. ती घेतली. काटा, चकती, स्प्रिंगा, सुईचे रूळ, तेल अडवणारी सीले आणि सरकते चाक, सगळे मिळाले. संपलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जीपांचे भाग विकणारी अजून इतकी दुकाने आहेत, हे मिस्त्रींच्या पोराला सांगायचे मी ठरवले.

तेलाच्या बाबतीत दुकानदाराने मला सुधारण्याचा प्रयत्न केला. मिस्त्रींनी नव्वद नंबरचे, जीएल-४ प्रतीचे तेल लिहून दिले होते. "पाच घ्या ना साहेब, चारपेक्षा भारी," तो म्हणाला. परीक्षेत गुण देणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद पटण्यासारखा होता. पण मिस्त्रींनी कारणही सांगून ठेवले होते. जीएल-५ हे चाकांमधल्या डिफरन्शियलसारख्या फार दाबाच्या जागेसाठी असते. त्यात गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये अधिक घातलेली असतात. ती पोलादाला सांभाळतात, पण पितळेला खाऊ शकतात. कडीच पितळेची, तेव्हा भारी तेल घालून तिलाच कुरतडवायचे हा कुठला शहाणपणा?

चौथ्या दिवशी जोडणी झाली. मिस्त्रींनी ग्रीसमध्ये बोट बुडवून एकेक सुई लाकडी दांड्याभोवती चिकटवत नेली, समईच्या वाती लावाव्या तशी. माझ्या वहीची पाने उलटी वाचायची होती. शेवटचा निघालेला भाग पहिला. जुडगा तळाशी, मुख्य दांडा वर, मग जुडगा उचलून त्याचा दांडा मागून ठोकत आत, लाकडी दांडा पुढून बाहेर. पट्टी बसली. पुन्हा पाती घालून फट मोजली. झाकण बसले. जीप सपाट जागेवर उभी करून, बाजूच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत तेल भरले. संध्याकाळी मिस्त्रींनी ती उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन गुरगुरले, जीप रोखून धरली गेली, दांडी जागची हलली नाही. त्यांनी दहा वेळा हेच केले. मग उतरून हात पुसले.

"पेटी मी नवी करून दिली, सर," ते म्हणाले. "पाय माझ्याकडे मिळत नाहीत."

आता प्रश्न होता, आप्पांना सांगायचे कोणी? मेव्हणे मुलगा, म्हणून त्यांनी सांगू नये. मी जावई, म्हणून मी सांगू नये. पत्नीने सांगितले असते, पण तिचा आवाज फुटला असता. ज्याने वाडीतल्या प्रत्येक अडल्यानडल्याला खाली पोचवले त्या माणसाला, आता तुम्ही चालवू नका, हे कोणत्या शब्दांत सांगायचे? शब्दांचाच धंदा करणाऱ्या मला ते सापडत नव्हते. मिस्त्री म्हणाले, "कोणीच सांगू नका. चाक सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा जीप न्यायला आले. बरोबर आम्ही दोघे आणि आमची वीस वर्षांची कन्या. मिस्त्रींनी हिशेब सांगितला, चहा मागवला आणि जुने सरकते चाक फडक्यात गुंडाळून आप्पांच्या हातात दिले. "तुमचा माल," एवढेच म्हणाले. आप्पांनी फडके सोडले. अंगठा दातांच्या अंगावरून फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसले. मग अंगठा टोकांवर आला. तो तिथे थांबला. त्यांनी चाक उलटे केले, रिव्हर्सची बाजू पाहिली. गिअर कळणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचे असते? चहा निवत होता.

"मिस्त्री, कधीपासनं?"

"दोन पावसाळे, आप्पा."

"मला वाटत होतं, आवाज पेटीचा आहे," आप्पा म्हणाले. त्यांनी चाक पुन्हा फडक्यात गुंडाळले.

भोरपासून डांबर संपेपर्यंत जीप त्यांनीच चालवली. जिथून वाट चढू लागते तिथे त्यांनी ती थांबवली, उतरले, जीपला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि नातीला म्हणाले, "ऊठ. तिकडं बस." तिला गाडी येत होती, पण ही जीप नाही. "क्लच तळापर्यंत. अर्धा नाही. अर्ध्या क्लचनं काय होतं ते फडक्यात आहे, घरी गेल्यावर दाखवतो." चढणीच्या मध्यावर तिचा पहिला गिअर खणाणला. आप्पांनी डोळे मिटले, पण ओरडले नाहीत. "पुन्हा. दाब, मधे आण, सोड, टिचकी दे, दाब, टाक. गाण्यासारखं आहे. ताल चुकू देऊ नको." तिसऱ्या वेळी तो बसला. मागे बसलेल्या माझ्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. धूळ फार उडत होती हे खरेच आहे.

तेव्हापासून वर्ष झाले. जीप वाडीतच आहे. महिन्यातून दोन रविवार कन्या जाते. एरवी वाडीतल्या एका तरुणाला आप्पांनी शिकवून तयार केले आहे, आणि त्याची परीक्षा माझ्या विद्यापीठापेक्षा कडक घेतली आहे. जीपच्या निगेचे नियम त्यांनी तोंडपाठ करून घेतले आहेत. दर महिन्याला दोन्ही पेट्यांचे तेल पाहायचे. एकीत कमी आणि दुसरीत जास्त भरले तर मधले सील गेले. ओढ्याचे पाणी पेटीपर्यंत आले असेल तर दुसऱ्या दिवशी तेल उघडून पाहायचे; दुधासारखे दिसले तर सगळे काढून टाकायचे. चालवताना हात गिअरच्या दांडीवर विसावायचा नाही, कारण तो भार आत काट्यावर पडतो. पाय क्लचवर ठेवून बसायचे नाही. कोरड्या डांबरावर पुढच्या चाकांचा जोर लावायचा नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत, आणि त्यांचा तो तंटा पेटीला सोसावा लागतो. रिव्हर्सच्या आधी तीन मोजायचे. आणि गिअर खणाणला तर दांडीला दोष देण्यापूर्वी पायाकडे पाहायचे. हा शेवटचा नियम नवा आहे.

मिस्त्रींच्या पोराने मोबाईलचे दुकान काढले. पण भोरला जीप घेऊन येणारे लोक त्याला तिथेही गाठतात आणि तो अधूनमधून शेडमध्ये जाऊन सुया लावतो, असे ऐकतो. माझी वही मी त्याला देऊन टाकली आहे.

आप्पा आता डाव्या बाजूला बसतात. काही बोलत नाहीत, समोर पाहत राहतात. पण चढण लागली, इंजिनाचा आवाज जड झाला, की मागच्या बाकावरून मला त्यांचा डावा पाय दिसतो. तिकडच्या बाजूला पेडल नाही, नुसता पत्रा आहे. त्या पत्र्यावर तो पाय दोनदा हलतो. नातीच्या पायाबरोबर.